अर्धी शीळ

सोनई, १७ नोव्हेंबर १९४६

चि. शमुवेल यास,

सलाम. तुझ्या पत्राला तीन महिने उत्तर धाडले नाही, त्याबद्दल क्षमा कर. सवड नव्हती असे लिहिणार होते. पण सवड होती. पत्र वाचून आलेली किळस ओसरायची वाट पाहत होते. पुरती ओसरलेली नाही.

बाबांची प्रकृती ठीक. डोळ्यांना आता उजेड-अंधार एवढेच कळते. हे तू विचारले नव्हतेस.

तू विचारलेस ते असे: "बाबा अजून चंडोलांची शाळा चालवतात का?" आणि खाली शहाणपण, की पाखरू गाणे पोटातूनच घेऊन येते, शिकवणी हा म्हाताऱ्यांचा भ्रम, तुलाही या घराने काही दिले नाही, सारे तुझे तूच मिळवलेस. नगरच्या बाजारात गाण्याच्या तबकड्या विकणाऱ्याने हे लिहावे! दिवसभर दुसऱ्यांचे गळे विकायचे आणि पत्रात स्वयंभू व्हायचे.

तर ऐक. पेरणीच्या वेळी शेजारच्या भीमाबाईला शेतात चंडोलाचे पिल्लू सापडले. बाबांनी नेहमीच्या रीतीने त्याचा पिंजरा कापडाने झाकून आपल्या म्हाताऱ्या चंडोलाशेजारी टांगला. पिल्लाला दिसू नये, ऐकू मात्र यावे. म्हातारा रोज पहाटे गायचा, इतर पाखरांच्या नकला एकामागून एक करत. पिल्लू गप्प.

"साराबाई, ह्यो मुका हाय," भीमाबाई म्हणायची. "लई खातोय, गात न्हाई."

"आधी कान भरू दे," बाबा म्हणाले. "गळा मागून."

"आन् तुमच्या शमूचं कान कंदी भरलं हुतं? त्यो तर पाळण्यातच बोंबलायचा!"

मी हसले. बाबा हसले नाहीत.

सप्टेंबरात म्हातारा चंडोल मेला. पिल्लाने तोवर चोच उघडली नव्हती. शिकवणी फुकट गेली, असे मलाही वाटले. मग गेल्या महिन्यात कापडाआडून पुटपुट सुरू झाली, तान्ह्या मुलासारखी, अर्थ नसलेली. हळूहळू तिच्यातून घारीची किंकाळी निघाली, तिच्यामागे टिटवी. म्हाताऱ्याचा होता तोच क्रम. क्रम चुकला की पिल्लू थांबायचे, पुन्हा पहिल्यापासून. गुरू मेल्यावर ते आठवून आठवून घोकत होते. न्यायाने लिहायचे तर गाण्याची ओढ पोटातली असेल. गाणे मात्र नाही.

गेल्या मंगळवारी दुपारी टिटवीनंतर ते अडखळले आणि त्याने शीळ घातली. तुझी. शाळेतून येताना फाटकापाशी घालायचास ती. म्हाताऱ्याने ती तुझ्याकडून उचलली होती आणि तू गेल्यावरही सोडली नव्हती. तो ती घालू लागला की तेवढ्यापुरते बाबा अंगणात निघून जायचे.

या वेळी मात्र ते काठी न घेताच उठले. भिंत चाचपत फाटकापर्यंत गेले. गंजलेली कडी दोन्ही हातांनी ओढून काढली.

"शमू, ये रे. आत ये."

मी म्हटले, "बाबा, पाखरू आहे ते."

"कळलं मला," ते म्हणाले. "शेवटचा सूर नव्हता."

अखेरीस म्हाताऱ्या चंडोलाला दम पुरत नसे, म्हणून शेवटचा चढता सूर पिल्लाला मिळालाच नाही. बाबांनी तरीही कडी लावू दिली नाही.

त्या पाखराने तुला कधी पाहिलेले नाही, तरी तुझे एवढे त्याच्या गळ्यात आले. आणि तुझ्या गळ्यात या घराचे काही नाही म्हणतोस! मला तुझी कीव येते. हे वाक्य खोडणार होते. हा राग आहे की हेवा, असे स्वतःला विचारले. माझ्यासाठी बाबांनी कधी फाटक उघडले नाही. मी कुठे गेलेच नाही. हेवाही आहे. वाक्य राहू दे.

पिल्लाचे कान उन्हाळ्यापर्यंत उघडे असतात, असे बाबा सांगतात. मग जे शिकले तेच कायमचे. बाबा मात्र उन्हाळा पाहतील असे डॉक्टर म्हणत नाहीत. वर 'प्रकृती ठीक' लिहिले ते खोटे आहे. पहिल्याच ओळीत खरे लिहायला हवे होते, पण तू बाबांच्या मरणासाठी यावेस आणि आपल्याच मनाने आलास असे तुला वाटावे, हे मला सहन होईना.

ये, असे मी लिहीत नाही. पुरी शीळ येणारा माणूस आता एकच उरला आहे, एवढे कळवते.

तुझी थोरली बहीण,
सारा

ता. क. उद्याचे माझे काम: फाटकाच्या कडीला तेल घालणे.