सायकलवरचा स्वार

प्रिय मोतीराम,

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवून घे. तुझ्या आईने दिलेल्या कुटकीच्या भातात खडा निघाला आणि माझी उजवी दाढ धारातीर्थी पडली. आयुष्यभर वर्गात संस्कृतची धातुरूपं चावून जिचा टवका उडाला नाही, ती सातपुड्याच्या एका खड्याने गेली. जबाबदार इसम म्हणून मी तुझं नाव दिलं आहे. खुलाशासाठी समक्ष हजर राहावे.

हीच फिर्याद मी संग्रामपूरच्या बाजारात, गालावर हात ठेवून, तुझ्या आईपुढे मांडली. एरवी ती पदर तोंडाला लावून हसते, गुरुजींच्या दाढेले जंगलाचं सोसत नाही, असं काहीतरी सुनावते. या खेपेला हसली नाही. तिने तुझा फोटो मागितला. दहावीच्या निरोपाचा, शाळेच्या फाटकापाशी सायकल धरून उभा आहेस तो. कशाला, तर कारभारीला दाखवायचा आहे. एवढं बोलून ती टोपली उचलून चालू लागली.

कारभारी, तुमच्या पाड्यावरचा सुतार. मनाला चैन पडेना म्हणून मी डोंगर चढून गेलो. तुमच्या घरांच्या त्या समोरासमोरच्या दोन ओळी, आणि मधल्या वाटेत चिटपाखरू नाही. ज्या अंगणात मला न विचारता खाट टाकली जाते, तिथे लोक मला पाहून आत गेले. मोहाखाली, तुमच्या पूर्वजांच्या खांबांशेजारी, कारभारी सागाचं लाकूड कोरत बसला होता. तूच मला एकदा समजावलं होतंस: आम्ही कोरकू मेलेल्याचा खांब कोरतो, सिडोली करून तो रांगेत उभा करतो, तेव्हा कुठे त्याचा जीव बसतो, तोवर तो भटकतो. वर चंद्र-सूर्य झाले होते, स्वारही झाला होता. त्याच्याखाली घोड्याच्या जागी नुसतं कोरं लाकूड. मी आपलं थट्टेने विचारलं, घोडा चरायला गेला काय? कारभारीने मान वर केली नाही. म्हणाला, त्याची माय घोडा नको म्हणते. पोरगं घोड्याले भीत होतं, सायकलीवरच बसवा म्हणते. पण साखळी कुठून कुठं जाते ते काही जमून नाही राह्यलं.

तेव्हा मला फोटोचं कारण कळलं.

दिवाळीनंतर तू कर्नाटकात बोगद्याच्या कामावर गेलास. सोबतचे सगळे होळीला परतले. मुकादम सांगतो, तू मधेच काम सोडून निघालास. फोन बंद. ठाण्यात नोंद मी स्वतः केली आहे. तुमच्या पाड्याच्या पुजाऱ्याने, भूमकाने, कौल लावायला सुपात तुझ्या नावाचे दाणे मांडले आणि मधेच उठून घरी निघून गेला. काय दिसलं ते अजून कुणाला सांगितलेलं नाही. मी तुझ्या आईशी पुष्कळ वाद घातला, तर्कशास्त्र जेवढं येतं तेवढं सगळं खर्च केलं. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, “गुरुजी, लेकराचा जीव वाऱ्यावर किती दिस ठिवू? त्याले बसाले जागा नको का?” 

निघताना कारभारीने आणखी एक सांगितलं, एसटीची वेळ सांगावी इतक्या सहज. खांब उभा राहिल्यावर तो आला, तर दार कोणी उघडणार नाही. तोंड त्याचंच असेल, पण तो माणूस नसेल.

फोटो सापडत नाही, असं मी तुझ्या आईला सांगितलं आहे. तो माझ्या कपाटातच आहे. सिडोली वैशाखी पौर्णिमेला ठरली आहे, त्याआधी ती पुन्हा येईल, आणि तिच्यापुढे माझं खोटं फार टिकत नाही. तिकडे कामाला निघालेल्या मजुरांच्या एका टोळीच्या हाती हे पत्र देतो आहे. ये, किंवा कुणाकडून दोन शब्द पाठव. मोतीराम, तू उशिरा येशील याची मला भीती नाही. तुझ्या आईला जे वाटतं ते खरं असेल, आणि हे पत्र वाचायला कोणी नसेलच, याची आहे.

तुझाच,
चंद्रशेखर गुरुजी