वर्गाबाहेर गेलेली गोष्ट

सर, चारा छावणीत चेअरमनसाहेब बाजेवर बसून चहा पीत होते आणि मी त्यांच्यासमोर तोंड उघडलं, तिथून सगळं बदललं. माझं तर बदललंच, तुमचंही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मग तुमचाही राग येतो. कधी कधी तुमचाच जास्त.

पहिल्या तासाला तुम्ही प्रत्येक नव्या बॅचला एकच गोष्ट सांगायचात. खुर्ची पुढं ओढून, आवाज उतरवून. साखर कारखान्याचे चेअरमन ब्राझीलचे कारखाने बघून आले, आपली पोरं तिकडं नोकरीला जातील म्हणाले, आणि कारखान्याच्या कॉलेजात स्पॅनिशचा वर्ग निघाला. "पण ब्राझीलमध्ये बोलतात पोर्तुगीज," तुम्ही म्हणायचात. "हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. मीही नाही. आता तुम्हीही सांगायचं नाही." चौदा बॅचा ही गोष्ट पोटात ठेवून गेल्या. कुणी ऊसतोडीला गेलं, कुणी मास्तर झालं, एकजण तर चेअरमनच्याच पॅनेलमधून निवडून आला. पण कुणी बोललं नाही.

तो वर्ग मला आवडायचा. तापलेल्या पत्र्याखाली तुम्ही स्पेनच्या माळावरच्या कविता शिकवताय, "बघा, तिथंही खडक, तिथंही मेंढरं, आष्टीच्या पुढं गेल्यासारखंच की!" तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजतो आणि वसतिगृहाची पोरं बादल्या घेऊन पळतात. तुम्ही खडू धरून फळ्यापाशी उभेच. पोरं ओल्या पायांनी परत येतात आणि तुम्ही त्याच ओळीपासून सुरू करता.

त्याच वर्गात ती होती, तलवाड्याची, पहिल्या बाकावरची. तिला मी पत्र लिहिलं ते स्पॅनिशमध्ये. तिच्या भावांच्या हाती लागलं तरी वाचणार कोण? लई हुशार समजत होतो स्वतःला. पत्र तिच्या वहीत सरकवलं, आणि तिनं ती वही न उघडताच गृहपाठाच्या गठ्ठ्यात दिली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही असे खूश, जसं काही पाऊसच पडला. "चौदा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी स्वतःच्या मनानं दोन पानं लिहिली!" नाव घेतलं नाहीत. पण वाचलंत, मोठ्यानं, हात हलवत, शेवटपर्यंत. माझे लाल झालेले कान आणि तिची खाली गेलेली मान बघून वर्गाला कळायचं ते कळलं. मागून कुणीतरी म्हणालं, "अबे, मग तलवाड्यालाच बिऱ्हाड कर की!" वर्ग हसत सुटला. तिनं वह्या उचलल्या आणि गेली. पुन्हा त्या वर्गात आली नाही. सर, जन्मभर प्रेमाच्या कविता शिकवल्यात, आणि समोरच्या दोन पानांत एक जिवंत पोरगा तुम्हाला दिसू नये? तुम्हाला दिसलं फक्त लिखाण!

मी तडक छावणीवर गेलो. दादांनी, माझ्या वडलांनी, जनावरं तिथंच नेऊन बांधली होती.

"साहेब, ब्राझीलमधी ती भाषा बोलतच न्हाईत," मी म्हणालो.

"मग काय बोलत्यात बे?"

सांगितलं. साहेबांनी बशीत चहा ओतला. "म्हंजी मास्तरनं चौदा साल आमाला येडं बनवलं?" शेजारी बसलेला छावणीचा कारकून फिसकन हसला. तो हसला नसता तर कदाचित साहेबांनी सोडूनही दिलं असतं.

त्या आठवड्यातच वर्ग बंद झाला. दुष्काळात फालतू खर्च नको, असं कारण लावलं. मी कॉलेजात परत गेलो नाही. नांदूरघाटच्या आमच्या दूध सोसायटीत फॅट मोजायला लागलो, आजही तिथंच आहे. पुढची सगळी वर्षं तुम्ही लायब्ररीत पुस्तकांवर शिक्के मारलेत. तुमच्या मुलीचा पत्ता माझ्याकडं आहे. तिलाही मी हे लिहिलेलं पाठवणार नाही.

वर्ग बंद झाल्यावर पंधरा दिवसांनी तुम्ही एसटीनं आलात. सोसायटीच्या खोलीत, रिकाम्या कॅनच्या शेजारी बसलात. पाणी प्यालात.

"ते पत्र होतं, हे मला घरी गेल्यावर कळलं," तुम्ही म्हणालात. "माझं चुकलं. तू परत ये. वर्ग परत सुरू करा म्हणून अर्ज देऊ, सगळी पोरं सही करतो म्हणतायत. स्पॅनिश बोलणारे वीसेक देश आहेत, साहेबांना समजावून सांगू."

मी फॅटची बाटली पुसत राहिलो.

"कुणी सांगितलं असेल रे त्यांना?" तुम्ही म्हणालात. मग स्वतःच मान हलवलीत. "आपल्या पोरांतलं कुणी नसणार."

सर, मीच सांगितलं. तेव्हा जिभेवर आलं होतं. पण तुम्ही आधीच सगळ्या पोरांना निर्दोष ठरवून बसला होतात, त्याचाच मला जास्त संताप आला.

"मला काय ठावं," मी म्हणालो. "दुधाची गाडी आलीय."

गाडी संध्याकाळी यायची होती. मी बाहेर पडलो आणि तुम्हाला आत ठेवून दार ओढून घेतलं.