पाइपाचं तोंड

३ फेब्रुवारी

आज सासऱ्यांनी गाडीवरचं कापड काढलं. हे गेल्यापासून त्या गाडीला कुणी हात लावला नव्हता. धूळ झटकली, बॉनेट उघडलं आणि नुसते बघत उभे राहिले. मी कपडे वाळत घालत होते. मला वाटलं रडतायत. पण नाही, आत जाऊन करवत आणि एक पाइप घेऊन आले.

सासूबाई दारातून म्हणाल्या, "नीट होईल ना? चढाला बंद पडली तर पोर घेऊन कुठे उभी राहील ती?"

ती म्हणजे मी. तिथेच तर होते, ओला टॉवेल हातात घेऊन.

४ फेब्रुवारी

ठरलंय म्हणजे. मला माहेरी नेऊन सोडायचं. शिलाई मशीन, बबडीचा पाळणा, सगळं घेऊन. कायमचं. मला कुणी विचारलं नाही. सासूबाई शेजारच्या काकूंना सांगत होत्या ते ऐकलं. "बसनं पाठवली तर लोक तोंडात शेण घालतील. हे गाडीनं नीट सोडून येतील."

काकू म्हणाल्या, अहो, पोरगी अजून मान धरायला शिकतेय.

तर म्हणाल्या, "मला बघवत नाही हो हिच्याकडे. हिच्या बाळंतपणासाठी त्यानं जास्तीचं काम धरलं. नाहीतर सुट्टीच्या दिवशी रंग द्यायला परांचीवर चढलाच नसता, पडलाच नसता."

खोटं नाही. सुट्टीच होती.

माहेरच्या वाटेवर मोठा चढ आहे. अर्ध्यात गाडी धापा टाकते, मग गरम होऊन बंदच. तेवढ्यावर मी अजून इथे आहे. पाइप बसला की गेले.

६ फेब्रुवारी

हा पाइप म्हणजे ह्यांचंच खूळ. मला सातवा होता तेव्हा डोक्यात घेतलं. म्हणायचे, "इंजिनाच्या शेजारचीच गरम हवा ओढते गं ही, म्हणून दमते. तुला भर उन्हात रजई पांघरून पळायला लावलं तर? बाहेरची गार हवा नेऊन दिली की बघ कशी चढते. तुला नि बाळाला एका दमात घरी आणतो."

बाजारातून एक फिल्टर आणला, निमुळता, जाळीचा. मला वाटलं दिव्याची शेड आहे. कॉटवर उभी राहून बल्बला लावायला गेले, तर हे हसून हसून जमिनीवर बसले.

पुढच्या दिव्याच्या शेजारी, वरच्या बाजूला, पत्र्याला भोक पण पाडलं होतं. मी बॅटरी धरून उभी होते. तेव्हा म्हणाले होते, पाइपाचं तोंड वरच ठेवायचं. खाली गार हवा जास्त मिळते, पण एकदा रस्त्यातलं पाणी ओढलं की इंजिन मेलंच समज.

भोक आहे तसंच आहे. पाइप बसायच्या आधीच सगळं संपलं.

८ फेब्रुवारी

सासऱ्यांनी आयुष्यभर नळाचीच कामं केली. त्यांचं पाइप वाकवणं बघण्यासारखं. टोक गॅसवर गरम करतात, मऊ झालं की दुसऱ्या पाइपावर दाबून बसवतात. सासूबाई करवादल्या, "भाजी करू का तुमचे पाइप भाजू?"

मला म्हणाले, "धर गं. अशी नाही, सुनेनं धरल्यासारखी. हेल्परनं धरल्यासारखी धर."

मला हसू आलं. हे गेल्यापासून पहिल्यांदा. लगेच आत सासूबाईंचा भांड्यांचा आवाज थांबला. मी तोंड पदरात लपवलं.

मीच धरते, मीच पॉलिश पेपर घासून देते. मला घालवायचं काम, आणि त्यात हेल्पर मी!

१० फेब्रुवारी

इंजिनाला जोडायचा रबरी जॉइंट मी तांदळाच्या डब्यात लपवला.

११ फेब्रुवारी

सासरे दिवसभर शोधत होते. पेटी उलटी केली, गाडीखाली आडवे होऊन पाहिलं. त्यांच्या पाठीला दुखतं, उठताना बॉनेट धरून उठले. ते बघवेना. चहाच्या वेळी नेऊन दिला, म्हटलं, बाबा, मशीनखाली सापडला.

त्यांनी तो उलटा करून झटकला. आतून तांदळाचा दाणा पडला. त्यांनी उचलला, माझ्या हातावर ठेवला आणि कामाला लागले. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले.

१२ फेब्रुवारी

आईला फोन केला. म्हणाली, "येऊ नको म्हणत नाही गं मी. पण तुझी वहिनी आधीच... मीच स्वयंपाकघरात झोपते. पाळणा कुठे बांधणार तू?"

मागून वहिनी विचारत होती, कोण आहे, कोण आहे. आई म्हणाली, राँग नंबर.

१४ फेब्रुवारी

आज पाइप गाडीत बसवला. गरम हवा लागू नये म्हणून मध्ये पत्र्याचा आडोसाही केला. सुबक झालंय सगळं. फक्त तोंड खाली नेलंय, पार बंपरच्या मागे, रस्त्यापासून वीतभर. ह्यांनी पाडलेलं भोक वर तसंच मोकळं.

म्हटलं, "बाबा, ते वरचं भोक?"

"तिथे वळणाचा एल्बो बसत नाही," म्हणाले. माझ्याकडे न बघता.

पुढचं बोलायला तोंड उघडलं होतं मी. ह्यांचे शब्द अगदी जिभेवर आले होते. मग मनात आलं, पाणी ओढलं तर गाडी बंद. गाडी बंद तर मी इथे.

घरात येऊन बबडीला घेऊन बसले. ह्यांची गाडी आहे ती. स्टेअरिंगला अजून ह्यांच्या हातचा रंग लागलेला आहे, पांढरा.

१५ फेब्रुवारी

सांगितलं नाही.

१७ फेब्रुवारी

सासरे एकटेच चढापर्यंत जाऊन आले. म्हणाले, "वरपर्यंत गेली. दम नाही लागला."

सासूबाई बाहेर आल्या. बॉनेटवर हात फिरवला, लहान मुलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. "त्यानं बघायला हवं होतं," म्हणाल्या आणि तिथेच पायरीवर बसल्या. मला वाटलं जाऊन शेजारी बसावं. नाही बसले. बघवत नाही हिच्याकडे, म्हणतात ना त्या.

परवा निघायचं.

१८ फेब्रुवारी

चहा पिताना सासरे म्हणाले, रेल्वेपुलाखाली मोठा नळ फुटलाय, तळं झालंय नुसतं. मी मनात म्हटलं, बरं झालं कळलं, उद्या वरच्या रस्त्यानं नेतील.

आणि मग मनात जे आलं ते इथे लिहीत नाही.

१९ फेब्रुवारी

लिहायला सुधरत नाही. तरी लिहिते.

सकाळी निघालो. पाळणा टपावर दोरीनं बांधलेला, मशीन मागे, बबडी मांडीवर. सासूबाई दारात आल्या नाहीत. चौकातून सासऱ्यांनी गाडी खाली वळवली, पुलाकडे. मी म्हटलं, "बाबा, वरून जाऊ ना, तिथे पाणी आहे."

"जाते गाडी," म्हणाले.

पाणी दिसायला लागलं. काळं, पसरलेलं. बबडीनं माझं बोट धरलं होतं. मग मला राहवेना, ओरडलेच. "बाबा थांबा! तोंड खाली आहे! ह्यांनी सांगितलं होतं, पाणी ओढलं की मरतं इंजिन!"

"हं," म्हणाले. पाय काढला नाही.

खाली धाड आवाज झाला, गाडी हिसका देऊन थांबली. ते स्टेअरिंग धरून बसले होते. त्या पांढऱ्या डागावर त्यांचा अंगठा होता. मग उतरले, पाणी गुडघ्याला लागलं, बबडीला खांद्यावर घेतलं आणि मला म्हणाले, "साडी सांभाळ."

लोकांनी ढकलून गाडी दारात आणून दिली. आम्ही मागून चालत, निथळत. सासूबाई पायरी उतरून आल्या. सासऱ्यांच्या खांद्यावरून बबडीला घेतलं आणि तिचे कोरडेच पाय पदरानं पुसत राहिल्या.

२० फेब्रुवारी

गॅरेजवाला आला. प्लग काढले तर आतून पाणी उडालं. म्हणाला, "आतला दांडा वाकलाय. हे इंजिन संपलं. तोंड खाली ठेवतात का, आजोबा? कुणी शिकवलं?"

सासरे म्हणाले, "चुकलं."

मी आत जाऊन पोटभर रडले. ह्यांची गाडी मी मारली. चौदा तारखेला एक शब्द बोलले असते तर!

२२ फेब्रुवारी

सासरे अंगणात पाइप धूत बसले होते. जवळ जाऊन सगळं सांगून टाकलं. बाबा, मला आधीपासून माहीत होतं, मी मुद्दाम बोलले नाही.

ते पाइप पुसत राहिले. मग म्हणाले, "मी आयुष्यभर पंप बसवले. पाणी कुठून ओढलं जातं ते मला कळत नाही होय गं?"

मी पाइपाचं दुसरं टोक धरलं.

"तुझ्या सासूला तोंडावर नाही म्हणता आलं नाही मला. तिचा मुलगा गेलाय." आणि मग, टपाकडे बघत, "तो पाळणा सोड आता. बबडीच्या झोपेची वेळ झाली."