कोरड्या बर्फाचं गिरमिट

करामा, दुबई
१४ जून २०११

प्रिय महादू,

पोलाद बरोबर होतं. गेल्या बुधवारी लॅबने तसं लिहून दिलं. जे ड्रॉइंगवर होतं तेच पोलाद, तितकंच कडक, आणि धार जागच्या जागी. काल दुपारी फिश कोल्ड स्टोअरमध्ये, उणे वीसमध्ये, मोहिद्दीनभाईंच्या समोर दुसरी गोष्टही पक्की झाली. आपलं गिरमिट पहिलं भोक सरळ पाडतं. मग ते पाण्यात बुडवून, वर काढून दोन मिनिटं ठेवलं की दुसरं भोक सुरूच होत नाही, पातं बर्फावर नुसतं घसरतं. डगने डिसेंबरमध्ये अगदी हेच लिहिलं होतं. म्हणजे तू पोलाद बदललंस, स्वस्तातलं लावून चांगलं बाहेर विकलंस, हे जे तुझ्यावर आलं ते खोटं होतं. हे तुला मोहिद्दीनभाईंच्या आधी मी सांगावं म्हणून घाईने लिहायला बसलोय. घाई आहे, पण सगळं क्रमाने सांगणार आहे. मध्येच वाचायचं सोडू नकोस.

तुला आठवत असेल, २००९ च्या फेब्रुवारीत माझी जुमेरा लेक टॉवर्समधली नोकरी गेली तेव्हा मी पहिला फोन तुला केला होता. अनुपमाला नंतर सांगितलं. त्या ऑफिसातले शेवटचे तीन महिने मी कधी कोणाला नीट सांगितले नाहीत. दर गुरुवारी दुपारी कोणी ना कोणी कार्ड दाराला लावलं की लाल दिवा लागायचा, आणि तो माणूस काचेबाहेर उभा राहून आपल्याच टेबलाकडे बघायचा. प्रिंटरपाशी दोघं बोलत असले की मी पाणी प्यायच्या निमित्ताने तिथून जायचो. कोणी दार लावून फोन घेतला की तो माझ्याबद्दलच आहे असं वाटायचं. आणि वाईट म्हणजे, एकदा तो खरंच माझ्याबद्दल निघाला. ती सवय मी तिथून निघताना खोक्यात भरून घेऊन आलो असणार. तू मला शारजाला मोहिद्दीनभाईंच्या वर्कशॉपवर नेलंस, 'हो माझो शाळेतलो दोस्त, चिलरचो इंजिनियर, थंडीतला सगळा ह्येका कळता' अशी ओळख करून दिलीस. भाई हसले. म्हणाले, "इथे रेलिंगचं काम खलास झालंय, थंडीचं काय करू? पण बसा. चहा तरी घ्या." त्या चहावरच मी दोन वर्षं टिकलो.

मग गेल्या वर्षी डग आला. बिल्डिंगची कामं बंद पडली म्हणून कॅनडाला परत निघालेला, गावी मासेमारीच्या सामानाचं दुकान टाकणारा. तिथे हिवाळ्यात तळं गोठतं आणि माणसं त्यावर बसून, भोक पाडून, गळ टाकतात, हे त्याने कागदावर काढून दाखवलं तेव्हा तू मालवणीत जे बोललास ते मी त्याला भाषांतर करून सांगितलं नाही. त्याला म्हाताऱ्या गिऱ्हाइकांसाठी हलकं हातगिरमिट हवं होतं, जाड हातमोज्यांनी फिरवता येईल असं. करामातल्या त्या दुकानात आपण लोकरी हातमोजे घ्यायला गेलो, जुलै महिन्यात. दुकानदार म्हणाला नव्वद दिरहॅम, आणि तू मोठ्याने "हजार रुपयांच्या वर! ह्यात माझ्या घरात सगळ्यांका चपला येतीत" म्हणालास. माझी सृष्टी पोटभर हसली होती. "बाबा, नोबडी फिशेस इन अ फ्रीज," म्हणत होती. ते गिरमिट आपण तीन किलोच्या आत आणलं, दांड्याला दोन उंच्या दिल्या, मूठ तिरकी केली. मूठ तुझी कल्पना होती. ड्रॉइंगवर नाव माझं गेलं. तेव्हा त्यात काही वाटलं नाही, तुलाही नाही, निदान तू तसं दाखवलं नाहीस.

चूक कुठे झाली ते आता लख्ख दिसतं. आपण होड्यांना बर्फ पुरवणाऱ्या फॅक्टरीतून लाद्या आणायचो, पिकअपमधून शेडमध्ये उतरवायचो आणि अडतीस-चाळीसच्या उन्हाळ्यात त्यात भोकं पाडायचो. लोण्यासारखं चालायचं. मी वेळ लिहून घ्यायचो आणि खूश व्हायचो. देवगडच्या बंदरावर बर्फाच्या फॅक्टरीत दोन हंगाम काढलेला माणूस शेजारी उभा होता, आणि तो म्हणत होता, "धनू, हो बरफ घामेजलेलो आसा. थयलो बरफ असो नसतलो. पाण्यातसून काढलेला लोखंड गार खोलयेत ठेव आणि मगे बघ." दोनदा म्हणालास. दुसऱ्यांदा मी म्हणालो, महादू, तू लेथ बघ, डिझाइन मला बघू दे. हे वाक्य मी विसरलो होतो. काल थंडीत उभं असताना ते शब्दन्‌शब्द आठवलं. दहा वर्षं चिलर डिझाइन केलेल्या माणसाला उणे वीसमध्ये ओल्या पात्यावर बर्फ चढतो आणि धार टेकतच नाही हे सुचलं नाही. शारजाच्या शेडमध्ये सुचण्यासारखं नव्हतं, एवढंच म्हणू शकतो.

नोव्हेंबरमध्ये बारा नग गेले. डिसेंबरमध्ये डगची मेल आली: पहिलं भोक ठीक, दुसऱ्याला पातं नुसतं फिरतं. मी वाचलं आणि माझ्या डोक्यात एकच आलं, धार एका भोकात गेली, म्हणजे पोलाद मऊ. पोलाद मऊ म्हणजे कोणीतरी बदललं. आणि पातं कापण्यापासून धार लावेपर्यंत ते फक्त तुझ्या हातात होतं. त्या दिवसापासून मी तुझ्यावर लक्ष ठेवायला लागलो. हे लिहिताना मान खाली जाते. पात्यांचे बत्तीस तुकडे आले होते, प्रत्येक गिरमिटात एक आणि सोबत एक जादा असे चोवीस लागले, आठ उरायला हवे होते. रॅकवर चार होते. मग आठवायला लागलं की ऑक्टोबरमध्ये जेवणाच्या सुट्टीत सगळे सावलीत पडलेले असताना तू ग्राइंडरवर एकटा असायचास, मी आलो की मशीन बंद करायचास. एका संध्याकाळी तू वर्तमानपत्रात काहीतरी गुंडाळून गेटमधून बाहेर गेलास आणि वॉचमनशी हसून बोललास. पूर्वी मी तुझं हसणं बघून हसलो असतो. आता वाटलं, हा वॉचमनला का पटवतोय? तू फोनवर 'आज नको, उद्या, सुपरवायझर नसताना' असं हिंदीत बोलताना मी ऐकलं, ते मी तारखेसकट डायरीत लिहून ठेवलं. तुझ्या नव्या बुटांची नोंदसुद्धा त्या डायरीत आहे.

मोहिद्दीनभाईंनी तुला चार तुकड्यांबद्दल विचारलं तेव्हा तू म्हणालास, खराब झाले, फेकले. मी समोर होतो. तू माझ्याकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बोललास. लहानपणी मास्तरांशी खोटं बोलताना तू असाच फळ्याकडे बघायचास. मला कळलं की हे खोटं आहे. ते खोटं होतंच, महादू. फक्त ते कशासाठी होतं ते मी माझ्या मनाने ठरवून टाकलं. त्यानंतर कोणीतरी डगला मेल केली की कामगाराने माल बदलल्याचं दिसतं. डगने कारवाई मागितली, आणि जानेवारीत भाईंनी तुझा व्हिसा रद्द केला. मी तुला एअरपोर्टवर सोडायला आलो. तू म्हणालास, भाईनी माझा आयकानच घेतला नाय. मी तुझी बॅग ट्रॉलीवर ठेवली.

एप्रिलमध्ये तळं वितळल्यावर डगने दोन पाती परत पाठवली. भाईंनी ती मला न विचारता लॅबला दिली. मला ते आठवड्यानंतर कळलं, आणि काय वाटलं असेल सांग. वाटलं, भाईंचा आता माझ्यावर संशय आहे. कॉम्प्युटरवरच्या जुन्या मेल मी पुन्हा पुन्हा वाचल्या, माझ्याविरुद्ध काही निघेल का म्हणून. मग बुधवारी रिपोर्ट आला. तो वाचल्यावर लाज वाटायला हवी होती. पण पहिला प्रश्न डोक्यात आला तो हा: पोलाद बरोबर असेल तर मग ते चार तुकडे गेले कुठे? म्हणून शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी मी तुझ्या जुन्या खोलीवर गेलो. तू चोरलेलं काहीतरी सापडेल अशी आशा घेऊन गेलो होतो, खोटं कशाला सांगू.

तुझ्या खाटेवर आता दुसरा माणूस झोपतो. कोल्ड स्टोअरवर कामाला जाणारा तुझा सोबती खैरुद्दीन मात्र अजून तिथेच आहे. मला बघून आधी तो घाबरला, मग त्याने खाटेखालून मासळीची प्लास्टिक पिशवी ओढली आणि म्हणाला, "साब, ये महादू का सामान है. उसने बोला था धनू साब को देना, जब वो पूछे. आपने पूछा ही नहीं." आत चार पाती होती. चारींच्या पाठीचा उतार वेगवेगळा, आणि बर्फ चिकटू नये म्हणून पाठ आरशासारखी घासलेली. प्रत्येकावर तू खुणेचे ठिपके मारले होतेस, एक, दोन, तीन, चार. खैरुद्दीनने सगळं सांगितलं. तू सुपरवायझर नसताना त्याच्या कोल्ड स्टोअरमध्ये शिरायचास, बर्फाच्या लादीत भोक पाडायचास, पातं बादलीत बुडवून थांबायचास, पुन्हा पाडायचास. तीन नंबर दुसऱ्यांदाही चाललं तेव्हा तू आत नाचलास म्हणे, मासळीच्या क्रेट्समध्ये, करामातले ते लोकरी हातमोजे घालून. हे कळलं असतं तर खैरुद्दीनची नोकरी गेली असती, म्हणून तू कॅलेंडरकडे बघत बोललास. मी त्याला विचारलं, महादूने मला तरी का नाही सांगितलं? खैरुद्दीन म्हणाला, "बोलता था, आठ-दस बार चल जाए तब बोलूँगा, नहीं तो इंजिनियर साब हँसेगा."

भाईंनी कोल्ड स्टोअरच्या मालकाकडून रीतसर परवानगी काढली, खैरुद्दीनचं नाव कुठेही येऊ न देता. काल आम्ही माझं पातं लावलं, घसरलं. तुझं तीन नंबर लावलं. सात भोकं पाडली. भाईंच्या दाढीवर दव गोठलं तरी ते बाहेर यायला तयार नव्हते. बाहेर आल्यावर त्यांनी दाढी पुसली. मग ते म्हणाले, "उसको बुलाना है. मैं फोन करूँगा. बाकी तुम्ही दोघं बघा."

ते 'बाकी' म्हणजे काय, ते आता लिहितो. डगला मेल करणारा 'कोणीतरी' मी होतो. भाईंना मी लेखी दिलं होतं, सही करून, डायरीतल्या तारखांसकट: कारागिराने माल बदलला, त्याला ठेवल्यास मी काम सोडतो. भाई तीन दिवस थांबले होते. मला म्हणाले होते, एकदा त्याच्याशी घरी बसून बोला, गाववाले आहात. मी बोललो नाही. त्यांनी तुला काढलं, पण माझं नाव तुला सांगितलं नाही. "मालकाला शिव्या पडतातच, तुमची शाळेपासूनची दोस्ती आहे," एवढंच म्हणाले. तुझ्या इथे परत येण्यावर बॅन लावला नाही तोही त्यांनी, स्वतःच्या मनाने. मी त्यात काहीही केलं नव्हतं. आणि एप्रिलमध्ये तू आमसुलांची बरणी पाठवलीस, सोबत चिठ्ठी, 'तू मधी पडलंस म्हणान बॅन नाय लागलो.' मी ती चिठ्ठी अनुपमाला वाचून दाखवली, महादू. आभार ठेवून घेतले. दोन महिने त्याचीच सोलकढी पितोय. कधी कधी वाटतं, तुला सगळं माहीत होतं आणि ती चिठ्ठी टोमणा होता. हाही माझाच संशय, मला ठाऊक आहे. तो अजून जात नाही.

भाईंचा फोन १ जुलैला, शुक्रवारी नमाजानंतर येईल. हे पत्र आधी पोचावं म्हणून मीच त्यांना तोवर थांबायला सांगितलंय. ते व्हिसाचं विचारतील, पगार वाढवून सांगतील, आणि तू शिव्या दिल्यास तर ऐकून घेतील. त्यांना देऊ नकोस. डगला मी आज सकाळी माझ्या नावाने लिहून कळवलं की आरोप माझा होता आणि चुकीचा होता. नव्या पात्याचं ड्रॉइंग तुझ्या नावावर गेलंय. डग सप्टेंबरमध्ये येतोय आणि त्याला तीन नंबर करणाऱ्या माणसाला भेटायचंय. तू येशील की नाही ते भाई मला शनिवारी सकाळी सांगतील. आलास तर माझं टेबल लेथशेजारी राहू द्यायचं की आत ऑफिसात हलवायचं, हेही तुलाच विचारायला मी त्यांना सांगून ठेवलंय.

तुझाच, अजून म्हणू देत असशील तर,
धनंजय