खालचं स्वयंपाकघर

डॉक स्ट्रीट, मॅसॅच्युसेट्स
१६ मार्च १९८९

प्रिय एव्हारिस्तो,

देवाच्या दयेने आम्ही दोघं धडधाकट आहोत. तू आणि तुझ्या कॅलिफोर्नियातल्या गाईही सुखात असाल. मागच्या दोन पत्रांना तुझं उत्तर नाही, तरी तिसरं लिहिते आहे. थोरली बहीण असण्याचा हा तोटा.

आधी बातमी. जिंकलो! खालचं स्वयंपाकघर राहणार.

त्याचं असं झालं. नव्या घरावर छप्पर चढलं आणि नगरपालिकेचा तपासनीस तळघरात उतरला. तिथे त्याला गॅसची नळी दिसली.

"हे काय?"

"स्वयंपाकघर!" माझा नवरा अभिमानाने म्हणाला.

"मग वरचं?"

"तेही स्वयंपाकघर!"

गिलला कुठे गप्प बसावं ते कधी कळलं आहे? तिथल्या तिथे काम बंद. आमच्या भागात एका घराला एकच चूल, दुसरी दिसली की ती भाडेकरूची, असा नियम आहे म्हणे. नळी कापा, नाहीतर अपील मंडळाकडून सूट आणा.

नळी कापून मासे तळायचे कुठे? वर, नव्या पांढऱ्या कपाटांपाशी? त्यात यंदा पवित्र आत्म्याच्या सणाची चिठ्ठी आमच्या नावाची निघाली. मे महिन्यात चर्चमधला सणाचा चांदीचा मुकुट आठवडाभर आमच्या घरी. अख्ख्या वस्तीला सूप आणि गोड पाव घालायचा, आणि चूल नाही! आमची पाचावर धारण बसली होती.

सुनावणीला मी काळा झगा घालून गेले. टेबलामागे पाच जण, त्यांतली चार मतं हवीत. अध्यक्ष मिस्टर व्हिटकम, माणूस सभ्य.

"बाई, वरचं स्वयंपाकघर कशासाठी?"

"बघायला."

अमेरिकन लोक हसले. आपले पोर्तुगीज लोक हसले नाहीत, त्यांनी माना डोलावल्या.

"आणि खाली कोणी राहणार नाही कशावरून?"

"आमच्या लोकांत सगळ्यांकडे असंच असतं, साहेब."

"सगळ्यांकडे म्हणजे? कोणाकोणाकडे?"

तिथे मी मागे वळून पाहिलं. सभागृह आपल्याच लोकांनी भरलेलं. प्रत्येकाच्या तळघरात चूल, परवानगी एकाचीही नाही. माझ्यासाठी बोलायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. सगळे बुटांकडे बघत बसले. पाचांतला एक आपला अरुदा, तोही कागदांत डोकं घालून. मी कोणाचं नाव घेणार नव्हते. मनात म्हटलं, गेली चूल.

तेवढ्यात मागून आवाज आला, "माझ्याकडे आहे."

"बाई, हे नोंदलं जाईल," अध्यक्ष म्हणाले.

"नोंदवा. नाव नीट लिहा. एकटी राहते, चुली दोन, भाडेकरू एकही नाही. वर फुलदाणी ठेवते आणि खाली जेवते. बघायला या, पण पाय पुसून या."

मग म्हातारे बोतेल्यो उठले. "माझ्याकडेही आहे. चाळीस वर्षं झाली." मग फादरांची स्वयंपाकीण उठली, "फादरांकडेही आहे, आणि फादरांना ठाऊक आहे!" मग काय, रांगच लागली. शेवटी दोना एर्मिनिया, अरुदाची आई, काठी टेकत उभी राहिली.

"काय रे, मोठा साहेब झालास? आज दुपारी कुठे बसून जेवलास ते सांग की ह्यांना!"

अरुदा कानापर्यंत लाल. व्हिटकमना हसताना चष्मा काढावा लागला. मग त्यांनी कायद्यात बसेल असं कारण शोधलं. आमची जमीन उताराची, म्हणून तळघर मागच्या अंगणात सपाट उघडतं. अशा जागी चूल असण्यात गैर नाही. पाचच्या पाच मतं मिळाली! अट एवढीच, की खाली पलंग टाकायचा नाही आणि भाडेकरू ठेवायचा नाही. "खुर्चीत डुलकी चालेल का?" गिलने विचारलं. "तेवढी सूट मंडळ देतं," अध्यक्ष म्हणाले. मी तिथेच भोकाड पसरलं. लाज कसली? आनंद झाला होता.

आता, पहिली कोण उठली ते. 'पाय पुसून या' वाचलंस तेव्हाच तू ओळखलं असशील. नातेर्सिया. तुझी बायको. चर्चने लग्न मोडलेलं नाही, तेव्हा मी बायकोच म्हणणार.

तू गेलास त्याला सहा वर्षं झाली. तिने घराबाहेर काढलं असं तू सांगितलंस आणि मी तिच्याशी बोलणं टाकलं. दोन घरं सोडून राहते, पण चर्चमध्येही मी दुसऱ्या बाजूला बसायचे. आणि तीच माझ्यासाठी उभी राहिली.

बाहेर पायऱ्यांवर मी तिला गाठलं. "का उठलीस ग?"

"कोणीतरी उठायला हवं होतं. आणि तू वर मासे तळलेले मला बघवले नसते."

मग मी तिला ते दुसरंही विचारलं, जे सहा वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं. तिने सगळं सांगितलं. मी ते इथे लिहीत नाही. तुला माहीतच आहे, तू मला अर्धंच सांगितलं होतंस.

मे महिन्यात मुकुट घरी येईल, तेव्हा माझ्या शेजारी माहेरचं माणूस उभं राहायला हवं. ती जागा तुझी होती. मी ती तिला दिली आहे.

तू ये. खरंच ये, ताट वाढलेलं असेल. पण दार ती उघडेल, आणि काय बोलायचं ते आधी तिच्याशी. मी मध्ये पडणार नाही.

तुझी, आणि आता तिचीही, थोरली बहीण
देओलिंडा