कुंकू लावलेली कडी

बाबा, काल घरी एक सिनेमा बघितला आणि तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं डोक्यात घोळतंय. परदेशातला सिनेमा होता. कुठलंसं शिंप्यांचं लहान गाव, आणि अवकाशातून परत येणाऱ्या यानाची छत्री शिवायचं काम त्या गावाला मिळतं. मग काय, गोंधळच. मापं चुकतात, कुणाची तरी बकरी कापड खाते, तपासायला आलेल्या साहेबांना गावकरी जेवायलाच बसवून ठेवतात. शेवटी छत्री उघडते, यान खाली येतं, सगळं गाव नाचतं. माझा मुलगा हसून हसून लोळला. मला म्हणाला, "आई, तू का हसत नाहीस गं? आपल्या आजोबांसारखंच आहे की हे." मी म्हटलं, गुडघा दुखतोय. तो दुखतच होता, ते काही खोटं नाही. मुलुंडच्या या इमारतीतली लिफ्ट निम्मा महिना बंद असते, तीन मजले चढून आलं की दिवस संपल्यासारखा वाटतो. पण हसू आलं नाही ते तुझ्यामुळे.

तू बोटीवरच्या माणसांतला. माझ्या आजोबांची होडी होती, काकाने ती पुढे चालवली, आणि तू मात्र माहूलचा कोळीवाडा सोडून रोज घाटकोपरच्या गाळ्यात लेथ मशीनवर उभा राहायचास. घरी यायचास तेव्हा मासळीच्या वासाच्या वाडीत तुझ्या एकट्याच्या अंगाला तेलाचा वास. आपल्या देशाचा माणूस अवकाशात जाऊन आला, त्या वर्षी तुमच्या शेटला एक ऑर्डर मिळाली. अॅल्युमिनियमच्या कड्या, बांगडीएवढ्या, आतून बारीक खाच. उपग्रहात बसणार होत्या म्हणे. नक्की कुठे, ते शेटलाही ठाऊक नव्हतं. शेटने ते काम तुझ्याकडे दिलं, कारण तुझा हात हलत नाही असं तो म्हणायचा. तू दोन आठवडे घरी फार बोलला नाहीस. जेवताना मधेच थांबायचास, अंगठा आणि बोट जवळ आणून मधल्या फटीकडे बघत बसायचास. आई म्हणायची, "याला वारा लागलाय त्या रॉकेटचा."

आणि मी? मी तर शाळेत ढोल बडवत होते. चेंबूरची ती शाळा, मी सातवीत, वर्गात कोळीवाड्यातली मी एकटी. डब्यात बोंबील असला की बाकावरची मुलगी नाक धरून सरकून बसायची. ती आता सरकेनाशी झाली. माझे बाबा उपग्रह बनवतात, असं मी सांगितलं होतं. कडी म्हटलं असतं तर कोणी विचारलं असतं? आमच्या बाईंनी ते मनावरच घेतलं. दिवाळीनंतर विज्ञान प्रदर्शन होतं, त्यात तुझं भाषण ठेवलं. दिवससुद्धा तुझ्या सुट्टीचा निवडला. तू घाबरलास. पण दुसऱ्याच दिवशी पांढरा शर्ट इस्त्रीला टाकून आलास.

त्यानंतर ते झालं. कड्या पॅक करायच्या होत्या त्या सकाळी तू आईच्या करंड्यातून चिमूटभर कुंकू आणि हळद कागदाच्या पुडीत बांधून नेलीस. आईला वाटलं, गाळ्यात पूजा असेल. तू प्रत्येक कडीला बोट लावलंस, हात जोडलेस आणि मग पिशव्या बंद केल्यास. दोन दिवसांनी तपासायला साहेब आला, पांढरे हातमोजे घालून. पहिलीच कडी काढली तर मोज्याला लाल. खाचेत तेलाशी कालवलेलं हळदकुंकू. त्याने सगळ्याच काढून बघितल्या आणि सगळ्या बाद केल्या. ओरडला नाही म्हणे. नुसतं विचारलं, "मिस्त्री, एवढं सुंदर काम, आणि हे काय केलंत?" तू सरळ सांगितलंस, "साहेब, नवी होरी कुंकवाशिवाय पान्यान उतरत नाय. ही तर पयल्यांदाच जाते. तिकरं कोन हाय तिच्या वलखीचा?"

हे तू आम्हाला सांगितलं नाहीस. गाळ्यात पॅकिंगला आपल्या वाडीतली एक मावशी होती, तिने सांगितलं, पदर तोंडाला लावून हसत. संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं. कोणीही भेटलं की तुला विचारायचं, "काय रे, रॉकेटला नारळ फोडलास का?" तूही हसायचास. ऑर्डर दुसऱ्या कोणाकडे गेली. शेटने तुला काढलं नाही, पण बारीक काम पुन्हा तुझ्या मशीनवर दिलं नाही. रिटायर होईपर्यंत तू पाइपांचे जोड कापत राहिलास. बाद झालेली एक कडी शेटने तुला घरी नेऊ दिली होती. ती तू माझ्या हातात ठेवलीस. "घे बाय. शालेत दाखव. सांग, माज्या बापाशीन चूक केली, पन कडी बरोबर हाय."

मला धडकीच भरली. तू तिथे येऊन हेच सांगणार. माईकसमोर, आपल्या बोलीत, न लाजता, कुंकवासकट. आणि सगळी शाळा हसणार. मला तुझी लाज वाटली, बाबा. तेव्हा मला ते असं सरळ म्हणता आलं नसतं. मी बाईंना सांगितलं, बाबांना ताप आहे. तुला सांगितलं, कार्यक्रम रद्द झाला. तू म्हणालास, "बरा झाला. मना बोलाला कुठं जमतंय." आणि शर्ट पुन्हा खुंटीला लावलास. बाईंनी तुझ्याऐवजी कुठल्याशा कॉलेजचे सर बोलावले.

कार्यक्रमाच्या दिवशी घाईघाईत मी डबा विसरले. ते सर पुस्तकी मराठीत बोलत होते, मुलं जांभया देत होती, आणि मी स्टेजच्या कडेला गुलाबाचं फूल घेऊन उभी होते. फाटकाशी बघते तर तू. हातात माझा डबा, अंगात तो पांढरा शर्ट. रद्द झालेल्या कार्यक्रमाच्या दिवशी तो शर्ट तू का घातलास, ते मला अजून कळलेलं नाही. नुसता डबाच द्यायचा तर गंजीफ्रॉकवरही चाललं असतं. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, उपग्रह आणि आपण. तू ते वाचलंस. वाचायला तुला वेळ लागायचा, म्हणून मला दिसलं. मग वॉचमनच्या हातात डबा दिलास आणि गेलास. बाकावरच्या त्या मुलीने विचारलं, "कोण गं तो?" मी म्हटलं, "आमच्या वाडीतला कोणीतरी."

संध्याकाळी तू काकाबरोबर जाळं विणत बसला होतास. "डबा पोचला ना?" एवढंच विचारलंस. मी हो म्हटलं. पुढे मी नोकरीला लागले, लग्न झालं, तू आजारी पडलास, मी महिनाभर तुझ्या उशाशी होते. तेवढ्या दिवसांत एकदाही तू तो विषय काढला नाहीस. मी तरी कुठे काढला? तू गेल्यावर मी एक गोष्ट रचली. ती कडी वर गेली, अजून फिरते आहे, तशीच दुसरी एक आपल्याकडे आठवण म्हणून ठेवली आहे, असं मुलाला लहानपणी सांगितलं. तो ते मित्रांना सांगतो, आता स्वतःच्या मुलीला सांगतो. काल सिनेमा संपल्यावर कपाटातून कडी काढून तिला दाखवली त्याने. ती म्हणाली, "आजी, याच्या आत लाल लाल काय आहे?" मी म्हटलं, गंज असेल. अॅल्युमिनियमला कधी लाल गंज चढतो का? तू असतास तर हसला असतास.

ती उद्या पुन्हा विचारेल. पोरगी चिवट आहे. तिला खरं सांगायचं, कुंकवाचं आणि तू साहेबाला काय बोललास त्याचंही, असं मी ठरवलंय. हे पत्र कडीखाली घडी करून ठेवते, दुसरं कुठे टाकणार? पण फाटकापाशी तू उभा होतास, ते मी तिला सांगू शकणार नाही. ते तुलाच सांगायचं होतं. मी तुला पाहिलं होतं, बाबा. आणि तू आणलेला डबा त्या दिवशी मी सगळा खाल्ला. मला फार भूक लागली होती.