आण्णांनी आणलेला दाखला

प्रिय आण्णा,

‘प्रिय’ वाचून तुम्ही हसाल. आपल्यात असलं कधी कुणी कुणाला म्हटलं नाही. पण ‘तीर्थरूप’ लिहायला घेतलं आणि हात अडखळला. तो शब्द लिहायची माझी लायकी राहिलेली नाही.

उद्या तुमचं वर्षश्राद्ध. त्यासाठी परवा कॅनडाहून आलो. आत्ता दुपारचे तीन वाजलेत आणि मी शेडमध्ये आपल्या जुन्या गाडीत बसून हे लिहितोय, कारण घरात आई आहे.

आज सकाळी शेजारच्या कमलमावशी मदतीला आल्या होत्या. डाळ निवडता निवडता आईला म्हणाल्या, “पर तीन दिस तुला कळलं कसं न्हाई गं?” आई म्हणाली, “न्हाई कळलं बाई. मीच शेकत बसले.” मी तिथंच चहा पीत होतो, आण्णा. आणि मी गप्प बसलो. वर्षभर गप्पच आहे. म्हणून हा कागद घेतला.

आईला माहीत नाही ते तुम्हाला आणि मला माहीत होतं. आता एकट्या मलाच माहीत आहे.

आठवतंय ना कशावरून सुरू झालं? तिकडं गेल्यावर सहा महिने आम्ही बसनं काढले. स्वातीला नोकरी लागली ती गावाबाहेर, थांब्यावर अर्धा तास बर्फात उभं राहायचं. तुम्हीच म्हणालात, “सूनबाईला असं उभं करू नगस. गाडी घे.” घेतली. कोरी करकरीत, कर्जावर. पण शोरूमवाला म्हणाला, विमा काढल्याशिवाय किल्ली देणार नाही. आणि विम्याच्या ऑफिसातली बाई म्हणाली, गाडी चालवल्याचा कागद आणा.

मी म्हटलं, बाई, बारा वर्षं चालवतोय! शिरवळच्या कारखान्यात होतो तेव्हा रोज खंबाटकी घाट उतरून गेलोय! ती नुसती हसली. तिथं खंबाटकीला कोण विचारतंय? जुन्या विमा कंपनीचा दाखला हवा, की या माणसानं इतक्या वर्षांत एकही क्लेम घेतलेला नाही. नसला तर मी आजच गाडी शिकलेला, आणि विम्याचा हप्ता दुपटीच्या वर.

गाडी माझ्या नावावर, पॉलिसी माझ्या नावावर, पण मी तिकडं गेल्यापासून चालवत तुम्ही होता. म्हणून तुम्हाला फोन केला. एकदा नाही, रोज. “आण्णा, साताऱ्याला जाऊन या. आण्णा, दाखला मिळाला का? आण्णा, तो हातात पडेपर्यंत गाडीला ओरखडासुद्धा नको, आणि आलाच तर क्लेम करू नका हं!” तुम्ही पलीकडून म्हणायचा, “व्हय साहेब.” चेष्टेनं म्हणायचा. पण फौजेत बावीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस तुम्ही. ‘व्हय साहेब’ म्हटलं की तुमच्या लेखी तो हुकूम झाला, हे मला कळायला नको होतं का?

चार खेपा घातल्यात. कधी साहेब रजेवर, कधी शिक्का नाही, कधी माझ्या नावाचं स्पेलिंग चुकलं. चौथ्या खेपेला तुम्ही टेबलासमोरची खुर्ची धरून बसलात आणि दाखला घेऊनच उठलात.

आणि परत येताना ती उसाची ट्रॉली. पंक्चर होऊन रस्त्यातच उभी. दिवेलागणीची वेळ, मागं ना लाल दिवा, ना एखादी फांदी टाकलेली. तुम्ही ब्रेक मारला, पण गाडी ट्रॉलीवर आदळलीच आणि स्टेअरिंग छातीत बसलं. तशीच गाडी घरापर्यंत आणलीत. आणि आल्या आल्या, तोंडसुद्धा न धुता, त्या दाखल्याचा फोटो काढून मला पाठवलात. अजून आहे माझ्या फोनमध्ये. कोपऱ्यात तुमचा अंगठा आलाय.

मग तुमचा फोन आला. आता ते बोलणं लिहितो. अक्षर न् अक्षर लिहितो, नाहीतर मी पुन्हा पळवाट काढीन.

तुम्ही म्हणालात, “विजू, गाडीला जरा लागलंय रं.”

मी म्हणालो, “किती लागलंय?”

“बंपर गेलाय. दिवा फुटलाय. बॉनेट वर आलंय.”

“अहो आण्णा! आजच? क्लेम नका करू हं.”

“न्हाई करत. छातीत जरा कळ येतीय. तुझी आई म्हणतीय दवाखान्यात चला.”

आणि मी, तुमचा शिकलेला, इंजिनिअर मुलगा म्हणालो, “लय दुखत असेल तर जावा. पण अपघात म्हणून सांगू नका. पोलीस केस होईल, केस झाली की कंपनीला कळेल, आणि मग तो दाखला काय कामाचा? दोन दिवस बघा की.”

तुम्ही म्हणालात, “व्हय. मुका मार हाय. बसंल.”

झालं. एवढंच बोलणं. गाडीला किती लागलंय ते मी विचारलं, तुम्हाला किती लागलंय ते विचारलंच नाही.

का ऐकलंत माझं, आण्णा? आयुष्यात माझं कधी एक ऐकलं नाहीत. मी म्हटलं तंबाखू सोडा, सोडली नाहीत. म्हटलं कॅनडाला या, म्हणालात “तिथं बर्फात मी काय करू?” आणि नेमकं हेच का ऐकलंत? रागावतोय मी तुमच्यावर. कुणावर रागवावं तेच कळत नाही, म्हणून तुमच्यावर.

आईला तुम्ही काही बोलला नाहीत. ती आंबेहळद उगाळून लावत होती, मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून शेकत होती, आणि दर तासाला म्हणत होती, “आवं, चला की साताऱ्याला.” तुम्ही म्हणत होता, “गप गं. काय झालंय मला?” पोरानं नको म्हटलंय, हे तिला सांगितलं नाहीत. मला पाठीशी घातलंत. मरणाच्या दारात बसून पोराची अब्रू राखलीत!

शनिवारी माझी गाडी मिळाली. तुमचाच हट्ट होता, पूजा बघायची. मी पार्किंगमध्ये चाकाखाली लिंबं ठेवली, स्वातीनं ओवाळलं, नारळ फोडला. तुम्ही व्हिडिओवर होता, भिंतीला उशा लावून बसलेले. तोंड पांढरं पडलेलं. डावा हात छातीवर. दोन शब्द बोललात की थांबत होता. मला दिसलं, आण्णा. दिसलं नाही असं म्हणणार नाही. पण तुम्ही म्हणालात, “आतनं दाखव की,” आणि मी फोन फिरवला. सीट दाखवली, डिकी दाखवली, मागचा कॅमेरा दाखवला. तुम्ही म्हणालात, “झ्याक हाय गड्या.” माझ्याशी शेवटचं बोललात ते एवढंच.

रविवारी पहाटे श्वास लागला. शेजाऱ्यांच्या जीपमधून साताऱ्याला नेलं, पण डॉक्टरांनी हात लावला तेव्हा तुम्ही गेला होतात. बरगडी मोडून आत रक्त साठलं होतं म्हणाले. परवाच आणलं असतं तर वाचले असते, असं त्यांनी आईलाच सांगितलं. तिथंच, उभ्या उभ्या.

तुमच्या मातीला मी पोचलो नाही. अग्नी काकांनी दिला. मी तिसऱ्या दिवशी आलो तेव्हा अंगणात आई बसली होती, आणि काका चारचौघांत तिच्यावर ओरडत होते, “वैनी, माणूस कण्हतोय आन् तुमी हळद लावत बसला?” ती खाली मान घालून ऐकत होती. मी तिच्या शेजारी बसलो, तिला धरलं, रडलो. आणि तोंड उघडलं नाही.

तिकडं परत गेल्यावर मी त्या विम्याच्या बाईला विचारलं. एखादा क्लेम असता तर काय झालं असतं हो? म्हणाली, हप्ता थोडा वाढला असता, इतकंच. आणि घरचं कुणी अपघातात लागून दवाखान्यात गेलं असतं तर? तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, त्याचा याच्याशी काय संबंध?

काहीच संबंध नव्हता, आण्णा! मी माझ्या मनानं ठोकून दिलं होतं. नियम विचारला नव्हता, वाचला नव्हता. आणि तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात, कारण पोरगा शिकलेला.

स्वातीला मी सांगितलंय. ती म्हणाली, “हे मला नको सांगू, आईंना सांग.” फोनवर कितीदा तोंडापर्यंत आलं. पण आई पहिल्यांदा विचारते, “जेवलास का?” आणि मी म्हणतो, “हो.”

ती आता नीट जेवत नाही. भाकरीचा तुकडा मोडते आणि बघत बसते. कुणाच्या घरी हळदीकुंकवाला जात नाही, बाजाराला जात नाही, कारण कुणीतरी तेच विचारतं. तुमच्या जाण्याचं दुःख तिला करूच दिलं नाही कुणी. तिला आरोपी केलं. आणि खरा आरोपी परदेशातून महिन्याच्या महिन्याला फोन करून तिची विचारपूस करतोय.

मला माफ करा असं लिहिणार नाही. तुम्ही लगेच कराल, म्हणूनच मागत नाही.

पण शब्द देतो. हा कागद घडी घालून आत जातो आणि आईला सगळं सांगतो, तुमच्या फोनपासून. ती मारू दे, बोलायची बंद होऊ दे, उद्याच्या पानावरून मला उठवू दे. आणि उद्या पंगत बसली की काकांसमोर, कमलमावशींसमोर, सगळ्या भावकीसमोर उभा राहून सांगतो, की माझ्या आईनं दर तासाला म्हटलं होतं दवाखान्यात चला, आणि नको म्हणणारा मी होतो.

तुमचा,
विजू

आण्णा, ती स्वतःच आलीय शेडच्या दाराशी. विचारतेय, एकटा काय लिहितोयस? मी कागद तिच्या हातात देतोय.